पाटीप्रमाणे झाड

वनस्पती उद्यानात पाट्या छापायचं यंत्र आलं, तेव्हा जुन्या पाट्या फार वाईट अवस्थेत होत्या, हे आधी मान्य केलं पाहिजे. काही गंजल्या होत्या, काहींची अक्षरं उडाली होती, आणि एकीच्या मागे तर मुंग्यांनी संसार थाटला होता. माळीकाकांना त्याचं काही वाटत नसे. छत्तीस वर्षं ते उद्यानाचे मुख्य माळी. झाडं तोंडपाठ असल्यामुळे पाटी वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

यंत्र मात्र प्रामाणिक होतं. नोंदवहीत जे आहे ते छापायचं, एवढंच त्याला ठाऊक. घोटाळा असा, की उद्यानाच्या नोंदवहीत आजवर एकही रोप मेलेलं नव्हतं. मेलं असं लिहिलं की माळ्याला मृत्यूकारण अहवाल तीन प्रतींत द्यावा लागे, आणि वर चौकशी. म्हणून वाळलेल्या रोपापुढे 'सुप्तावस्थेत' असा शेरा मारायची इथली जुनी रीत. माळीकाकांनीही स्वतःच्या हातांनी सहाशे रोपं अशी झोपवली होती.

यंत्रानं चार हजार एकशे बारा पाट्या छापल्या. उभी झाडं भरली कशीबशी दोन हजार. उरलेल्या पाट्यांचं काय करायचं, असं काकांनी विचारलं, तेव्हा नोंदींची संगणक प्रणाली सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "नोंदीत जागा दिलेली आहे. जागच्या जागी लावा."

लावल्या. मोकळ्या वाफ्यांत पाट्यांचं पीक आलं. संचालकसाहेबांनी फेरी मारली आणि ते खूश झाले. इतके नीटनेटके वाफे त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. तण नाही, कीड नाही, पाणी घालायची कटकट नाही.

इथवर काकांनाही हसू येत होतं. मग परिपत्रक आलं. ज्या पाटीला झाड नाही, ते झाड सुप्त समजावं. ज्या झाडाला पाटी नाही, ते अनधिकृत समजून पंधरा दिवसांत काढावं. अनधिकृतांच्या यादीत एकच झाड होतं, आणि ते काकूंचं होतं.

लग्न झालं त्या वर्षी काकू दुपारचा डबा घेऊन आल्या होत्या. वाफ्याच्या कडेला बसून त्यांनी एक फळ खाल्लं आणि बी तिथंच थुंकली. त्या बीचं आता नऊ मीटरचं झाड झालं होतं. बाकीची झाडं सगळी खुजी, त्यामुळे अख्ख्या उद्यानात भर दुपारी सावली म्हणावी अशी तेवढीच. गुडघ्यांनी दगा दिला तरी काकू दर रविवारी येत, झाडाखालच्या बाकावर टेकत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सरकून जागा देत. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण झाडाला पालवी कधी फुटणार ते चार दिवस आधी सांगायची.

काका मॅडमकडे गेले. "एवढं एक झाड नोंदवून टाका की."

"टाकते ना. कुठून आलं?"

"बायकोनं बी थुंकली."

मॅडमनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "देणगी, अदलाबदल, शोधमोहीम. थुंकून असा पर्याय नाहीये, काका."

"मग देणगी लिहा."

"देणगीदाराचं पत्र लागेल. तेव्हाच्या तारखेचं, सहीनिशी."

"तिला सही येत नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांनी काकांना चहा पाजला.

घरी काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "अहो, झाड बरं आहे ना?"

"बरं आहे," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी मात्र त्यांनी डोकं चालवलं. एका रिकाम्या वाफ्यातली पाटी उपटली आणि काकूंच्या झाडाला पक्की बांधून टाकली. पाटी झाली, झाड अधिकृत झालं. आपल्या हुशारीवर ते बेहद्द खूश होते. पाटी वाचायची तेवढी राहिली. छत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

पंधराव्या दिवशी पडताळणीला साहेब आणि मॅडम दोघंही आले. मॅडमनी पाटी वाचली. मान वर केली. आणखी वर केली. पुन्हा पाटी वाचली.

"काका, इथं लिहिलंय, झुडूप, उंची अर्धा मीटर."

काका म्हणाले, "पाटी चुकली असेल."

"पाटी यंत्र छापतं. यंत्र चुकत नाही."

"मग चुकलं कोण?"

"झाड," साहेब म्हणाले.

साहेबांचा मोठेपणा असा, की त्यांनी झाड काढायला सांगितलं नाही. झाडाला पाटी आहे, तेव्हा ते अधिकृत आहे. फक्त नोंदीपेक्षा साडेआठ मीटर जास्त वाढलं आहे. तेवढी दुरुस्ती करावी, असा लेखी आदेश निघाला, मुख्य माळ्याच्या नावानं.

काकांनी दुरुस्ती केली. करवत चालवताना ते ढसाढसा रडले, आणि रडायला मनाई करणारं परिपत्रक नसल्यामुळे कुणी अडवलं नाही. घरी जाऊन काकूंना एवढंच म्हणाले, "अर्धा मीटर ठेवलंय."

मग सूचनापेटी भरू लागली. उद्यानात सावली नाही, अशा एकशे सहा तक्रारी आल्या. साहेबांनी त्या प्रणालीत भरायला लावल्या. सावलीची नोंदच झालेली नाही, हे प्रणालीच्या चटकन लक्षात आलं. नोंद झाली. यंत्रानं पाटी छापली. हिरव्यावर पांढरी, सुबक अक्षरं: 'सावली. व्यास सात मीटर. वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच.' ती त्याच बाकाशेजारी रोवली, आणि तक्रारी थांबल्या.

गेल्या रविवारी तुम्हीही आला होतात. ऐन दुपारी बाकापाशी थांबलात, पाटी वाचलीत, "चला, इथं सावली आहे," असं म्हणून बसलात आणि टोपी काढून मांडीवर ठेवलीत. खोटं कशाला बोला, जरा गारही वाटलं तुम्हाला. शेजारी एक म्हातारी छत्री उघडून बसली होती. तुम्ही तिला पाटी दाखवलीत, छत्रीची गरज नाही म्हणून नीट समजावलंत. तिनं ऐकून घेतलं, सरकून तुम्हाला आणखी जागा दिली, पण छत्री काही मिटली नाही.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला ऊन लागत होतं.