रग्गड लॅपटॉप

साडूचा हेवा करू नये, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी हे ठरवलं त्यांना रितेशसारखा साडू नसणार.

त्या रविवारी मी मनाशी एक छोटीशी गोष्ट ठरवली. घरचा बंद पडलेला जुना लॅपटॉप दुरुस्त करायचा नाही, सरळ नवा घ्यायचा. बाकी माझा काही गुन्हा नाही.

हा लॅपटॉप आमच्याकडे कसा आला ते आधी सांगतो. माझा मेहुणा बाबू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २००३ साली, कुठल्याशा बंदरावरून त्याचा फोन आला. लाइन खरखरत होती. "भावोजी, येताना रग्गड लॅपटॉप आणतोय," तो म्हणाला. रग्गड म्हटल्यावर आम्ही काय समजणार? सासऱ्यांनी त्याच दिवशी पाच जणांना एकेक कबूल करून टाकला. त्यात त्यांचा न्हावीही होता. बाबू आला आणि पिशवीतून एकच लॅपटॉप निघाला.

"बाकीचे कुठं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाकीचे कुठले? रगेड म्हटला मी. इंग्रजीत रगेड म्हणजे दणकट. पडला, भिजला तरी काय होत नाय ह्याला."

तो एकुलता एक लॅपटॉप थोरला जावई म्हणून मला मिळाला. वजन चार किलो, वर उचलायला कडी, झाकण धातूचं. धातू दिसल्यावर आमची दीपाली गप्प बसणार थोडीच. तिने भांड्यांवर नावं घालणाऱ्या सदूला बोलावलं आणि झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलं : 'सौ. दीपाली व श्री. जयवंतराव यांस चि. बाबूकडून सप्रेम भेट'. आमच्या पातेल्यांवरही हेच अक्षर आहे.

पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. (लॅपटॉपवर मी पत्ते खेळायचो, पण ते महत्त्वाचं नाही.) महत्त्वाचं हे की धाकटा जावई रितेश घरी आला की त्याची नजर त्या कडीवर जायची आणि तो विषय बदलायचा. तो विषय बदलला की मला रात्री छान झोप लागायची.

मग गेल्या महिन्यात रितेशने नवा लॅपटॉप घेतला. चंदेरी, वहीएवढा जाड. दीपाली तो दोन बोटांनी उचलून म्हणाली, "किती नाजूक हो, अगदी पोह्याच्या पापडासारखा." जेवण होईपर्यंत ती हे चार वेळा म्हणाली. मी मोजलं. त्या रात्री मला मुळीच झोप लागली नाही.

आणि त्याच आठवड्यात आमच्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला. देवाने ऐकलं असं मला वाटलं.

"टॉर्च मारला की अंधूक दिसतं की," दीपाली म्हणाली. "दुरुस्त करून आणा. बाबूची वस्तू आहे."

मी तो कडीला धरून रामनाक्याजवळच्या उमेरच्या दुकानात नेला. उमेरने तो उघडला, हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "भाऊ, मशीनला काय नाय झाला. नुसता पडद्याचा इन्व्हर्टर गेलाय. पडदा उजळणारी बारकी पट्टी असते. मुंबईवरनं मागवतो."

"मेला असं सांग ना."

"जित्याला मेला कसा सांगू, भाऊ?"

पडेल चेहऱ्याने घरी आलो. दीपालीने विचारलं, "काय म्हणाला?"

"इन्व्हर्टर गेलाय म्हणे."

तिचे डोळे एकदम चमकले. "इन्व्हर्टर? मग नवाच घ्या. जुन्याची दुरुस्ती नकोच. रोज संध्याकाळी सात वाजता लाइट जाते, जीव नुसता कावलाय. मालनकडे कधीचा आहे." (मालन म्हणजे तिची बहीण, रितेशची बायको. हेही त्यांच्याकडे आहे.)

ती कुठल्या इन्व्हर्टरबद्दल बोलतेय ते मला लगेच कळलं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. मी फक्त पुढे काही बोललो नाही. 'नवाच घ्या' एवढे दोन शब्द खिशात घालून मी पुन्हा उमेरकडे गेलो.

"एक स्लिम आलाय," उमेर म्हणाला. "थोडेच दिवस वापरलेला. गिऱ्हाइकाला दणकट पायजे, म्हणून ठेवून गेला. तुमचा द्या, वर थोडं द्या आणि ह्यो न्या."

चंदेरी. वहीएवढा जाड. अगदी रितेशच्यासारखा. मी आनंदाने जवळजवळ पळतच सुटलो. दीपालीला म्हटलं, इन्व्हर्टर मुंबईवरून यायचाय. आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी रितेश-मालनला जेवायला बोलावलं. त्याचं तोंड मला बघायचं होतं.

रितेश आला. त्याच्या हातात चार किलोंचा, कडीवाला लॅपटॉप होता. त्याने तो टेबलावर ठेवला आणि झाकणावरची ठिपक्यांची अक्षरं दिव्याखाली चमकली. दीपालीने ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझा कामाच्या साइटवर टिकेना," रितेश म्हणाला. "तांबडी धूळ नुसती आत जाते. उमेरकडे ठेवला आणि दणकट बघ म्हटलं. आठ दिवसांनी गेलो तर हा दुरुस्त होऊन समोर. वर तुमची नावं. म्हटलं, बाबूची आठवण परक्याकडे जायला नको. लगेच उचलला."

"बघा," दीपाली मला म्हणाली. "रितेशभावोजींना कळतं." तिचे डोळे भरून आले होते. माझ्यासाठी ते कधी भरून आलेले मला आठवत नाहीत.

मी बाजू सावरायला कपाटातून माझा स्लिम काढला आणि चालू केला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'वेलकम रितेश'. दुकानात ते नाव मी पाहिलं होतं, पण रितेश जगात काय एकच असतो?

"अय्या, हा तर ह्यांचाच," मालन म्हणाली.

"म्हणजे भावोजींनी टाकलेला तुम्ही आणलात, तुम्ही टाकलेला भावोजींनी," दीपाली सावकाश म्हणाली. "मग माझा इन्व्हर्टर कुठाय?"

बरोबर सात वाजले आणि लाइट गेली.

माझ्या स्लिमची बॅटरी पाच मिनिटांत संपली. रितेशने शांतपणे जुना लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. पडदा अर्थातच त्याच्या बाजूला. त्याचं ताट, मालनचं ताट, दीपालीचा कौतुकाने फुललेला चेहरा, सगळं लख्ख दिसत होतं. माझ्या बाजूला झाकणाची पाठ होती. त्यावर माझं नाव होतं, पण अंधारात तेही वाचता येत नव्हतं.

"काय जयवंतराव, नवा लॅपटॉप कसा वाटतोय?" रितेशने विचारलं.

त्याला खणखणीत उत्तर द्यायचं मी ठरवलं होतं. पण अंधारात बांगड्याचा तुकडा समजून मी माशाच्या आमटीतलं मसाल्याचं तिरफळ चावलं होतं आणि पुढचा अर्धा तास माझी जीभ बधिर होती.

"गप्प बसलेत," दीपाली उजेडातून म्हणाली. "आवडला असणार."