सांगायचा भाव

अर्नाळ्याचा पास्कल लग्नात ट्रम्पेट वाजवायचा, एरवी मिळेल ते काम करायचा. त्या वर्षी त्याची ज्युलिएट कॉलेजात गेली. घरचं उत्पन्न कमी असेल तर ई.बी.सी.मध्ये सरकार फी भरत असे. फक्त तलाठ्याचा दाखला हवा. "सायबाकडं जायचंय, जरा बरं दिसा," म्हणत बायकोने, रेजिनाने, त्याला बँडचा कोट चढवला. लालभडक, खांद्यावर सोनेरी झुपके. घरात धड कपडा असा तेवढाच.

तलाठी भाऊसाहेब त्याला पाहून खुर्चीतून अर्धे उठलेच. "फौजेतून कधी सुटलात?"

"फौजेत न्हाय, बँडमदी."

"मिलिटरी बँड! म्हणजे पेन्शन असणार. त्याचा कागद आणा."

न मिळणाऱ्या पेन्शनचा कागद देणार कोण? खेटे घालून पास्कलच्या चपला झिजल्या. शेवटी तो फाटका सदरा घालून गेला.

"परवा मेजर, आज भिकारी? सोंगं नकोत. साक्षीदार आणा."

साक्षीला शेजारचा फर्डिनंड आला. मोठा देवभोळा माणूस. "गरीब? आमचा पास्कल? देवाच्या दयेनं त्याला काय कमी न्हाय, भाऊसाहेब!"

पास्कलने कपाळावर हात मारला. फीची मुदत उद्या संपत होती. संध्याकाळच्या साखरपुड्यासाठी सायकलला अडकवलेला ट्रम्पेट त्याने काढला आणि आपला बँड फौजेतला नव्हे, लग्नातला, हे पटवायला कचेरीतच फुंकला. सातबाऱ्यासाठी ताटकळलेली माणसं दारात जमली. भाऊसाहेबांचं पेन टेबलावर ठेका धरू लागलं.

"वा! लग्नाचं काय घेता?"

गिऱ्हाईक दिसलं की पास्कलची जीभ आपोआप चालायची. "चार हजार. वरात वेगळी."

भाऊसाहेबांनी कागदावर गुणाकार केला. "मग तुम्ही सवलतीत बसत नाही."

पास्कलने हात जोडले. "सायबा, तो सांगायचा भाव! तेवढं कोन देतंय? घासाघीस करून आठशेवर येतंय, ते आठ जनांत वाटायचं. मरियामातेची शपथ!"

"लिहून द्या."

पास्कलने लिहून दिलं. शिक्का पडला. दाखला छातीशी धरून तो दाराकडे वळला, तोच मागून हाक आली.

"पास्कल, तुळशीच्या लग्नानंतर आमच्या मुलीचं आहे. आठशेच ना? लेखी आहे माझ्याकडे."

वरात वेगळी, असं म्हणायला पास्कलने तोंड उघडलं, हातातल्या दाखल्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.