कर्सर कुठे उभा आहे ते पाहणे

‘ताई, वरचा बाण दाबल्यावर कर्सर कुठे उभा आहे तेवढं बघत जा. नव्या आवृत्तीत बदललंय,’ असं ऑफिसातल्या निषादने मला बजावलं होतं. ‘मी स्वतः कुठे उभी आहे हे बघायला मला वेळ नाही,’ असं म्हणून मी तो विषय निकालात काढला.

माणसाचं बहुतेक आयुष्य कालच्याच हुकमांवर चालतं, हे संगणकाने फार आधी ओळखलं आहे. मी ज्या एडिटरात कोड लिहिते, त्यातच हुकूम देण्याची एक खिडकी आहे. तिथे वरचा बाण दाबला की मागचा हुकूम जसाच्या तसा हजर होतो. लागेल तो शब्द बदलायचा आणि एंटर. माझ्या हुकमांपैकी ब्याऐंशी टक्के कालचेच असतात (पाहणीत सहभागी व्यक्ती : एक). घरातले धरले तर एक्क्याण्णव. दात घास, चप्पल घाल, ते तोंडातून काढ.

प्रश्न एवढाच, की हजर झालेल्या ओळीत कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी रेघ, कुठे असावी? शेवटी, असं शेवटवादी म्हणतात. सुरुवातीला, असं आरंभवादी. एडिटर बनवणाऱ्या मंडळींमध्ये यावर नऊ वर्षं पत्रव्यवहार चालला आणि एकानेही दुसऱ्याचे आईवडील काढले नाहीत. (आमच्या पार्किंग समितीने आदर्श घ्यावा.) अखेर आरंभवादी जिंकले.

आता पाळणाघराकडे वळू. माझी तीन वर्षांची स्वरदा सूस गावठाणात गोजराबाईंकडे असते. आमची सोसायटी उभी आहे ते त्यांचं भाताचं खाचर होतं. आता त्या आमची मुलं सांभाळतात. मूल सोपवण्याआधी मी त्यांना सतरा कलमांची नियमावली दिली. कलम नऊ : निरोपात नाव असेल त्याच व्यक्तीच्या ताब्यात मूल द्यावे, ओळख असली तरी. कलम दहा : नवा निरोप न आल्यास कालचा लागू.

‘लई इचार केलाय ताई,’ गोजराबाई म्हणाल्या. मी ती प्रशंसा समजले.

निरोपासाठी मी एक हुकूमच बनवला. ‘निरोप कशा आहात? आज स्वरदाला नेणार मनीष’. पहिला शब्द हुकमाचं नाव, पुढचा सगळा मजकूर. रोज तीनला वरचा बाण आणि एंटर, की गोजराबाईंच्या फोनवर हजर. उत्तरं आपोआप एका फाइलीत जमा होतात, म्हणजे माझं लक्ष विचलित होत नाही.

गेले दोन आठवडे ने-आण माझा नवरा मनीषच करत होता. मंगळवारी तो पौडला तहसील कचेरीत अडकणार होता. तीन वाजता, मीटिंग चालू असताना, मी स्क्रीनकडे न बघता वरचा बाण दाबला, चार वेळा बॅकस्पेस (वेलांटीचा एक धरून), ‘आई’ टाइप केलं आणि एंटर. कर्सर ओळीच्या सुरुवातीला होता. तिथे खोडायला काही नसलं की संगणक ‘टुंग’ करतो. तो आवाज स्वरदाच्या झोपेसाठी मी कायमचा बंद केला आहे. ‘आईनिरोप’ असा हुकूम सापडत नाही, असं संगणकाने लाल अक्षरांत कळवलं. मी मीटिंगमध्ये मान डोलवत होते.

सहा वाजता गेले, तर फाटकाला आतून कडी.

‘मनीषभाऊंचं नाव हाय. तुमचं न्हाई,’ गोजराबाई ओट्यावरून म्हणाल्या.

‘अहो, मी आई आहे तिची!’

‘व्हय की. पन कलम नऊ.’

‘स्वरदा, सांग गं, मी कोण?’

स्वरदा भाकरी चावत विचारात पडली. ‘आई. पण तू मीटिंगमध्ये असतेस.’

मनीषचा फोन लागेना. माझ्याच नियमांपुढे माझं काही चालेना. शेवटी फाटकाबाहेर पायरीवर लॅपटॉप उघडला, वरचा बाण दाबला आणि आयुष्यात प्रथमच कर्सर कुठे उभा आहे ते पाहिलं. सुरुवातीला चिकटलेलं ‘आई’ खोडलं, कर्सरला हळूहळू शेवटपर्यंत चालवत नेलं आणि ‘मनीष’च्या जागी ‘आई’ लिहिलं. एंटर. आत फोन वाजला.

‘आता हाय नाव,’ म्हणत गोजराबाई कडी काढायला आल्या. डाव्या हाताने. उजवा प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता.

‘हे कधी झालं?’

‘बारा दिस झालं.’ मग, तक्रार नव्हे, नुसती नोंद म्हणून, ‘तुमी रोज इचारता, मी रोज सांगते की. गौतमीकडनं लिवून घेते.’ गौतमी म्हणजे त्यांची सून. एवढे दिवस फाटकाशी मूल आणून देत होती ती.

घरी येऊन फाइल उघडली. व्यवस्थित, तारीखवार होती. ‘पडले. हात मोडला.’ ‘लई दुकतंय.’ ‘झोप न्हाई.’ ‘आज बरं हाय. तुमी कशा?’

तुम्ही हसताय, ते ठीकच आहे. पण आज सकाळी तुम्हीही कुणाला तरी कालचंच ‘शुभ सकाळ, कशा आहात?’ पाठवलं असेल. त्याखाली त्यांचं उत्तर आलेलं आहे. ते एकदा वाचा. आणि ‘बरी आहे’ असं असलं, तरी जरा जाऊन बघून या.