बंडोपंतांनी क्रियापद आधी घेतलं

मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून गावाला खबर द्यायची ती बंडोपंतांनीच, असा सेनगावजवळच्या त्या गावात बारा वर्षांचा शिरस्ता होता. कारकुनीतून रिटायर झाल्यापासून हे काम आपण बिनचूक करतो, असं पंतांचं स्वतःचं मत. फक्त वाक्याच्या शेवटाशी येऊन ते अडायचे. "लालसिंगची म्हैस... अं..." म्हणून थांबले, की हरवली, सापडली का व्याली, हे कळेपर्यंत गाव घास हातात धरून बसायचं.

दिवाळीला त्यांची पुतणी नीलांबरी आली. पुण्यात ती भाषांचाच अभ्यास करायची. तिनं काकांना समजावलं, की अडखळतात सगळेच, पण प्रत्येक भाषेत जागा वेगळी. इंग्रजीत क्रियापद लवकर उरकतं, आपल्यात ते शेवटी येतं, म्हणून तुमची गाडी तिथं रुतते.

पंतांनी मनाशी पक्कं केलं. आता क्रियापद आधी.

दुसऱ्याच दिवशी गिरणीवाल्या मनकर्णाबाई लेकीकडं पुसेगावला निघाल्या. गिरणी बंद असल्याचं तेवढं सांगा म्हणाल्या. दुपारी पंतांनी घसा साफ करून माईक धरला.

"गेल्या आहेत हो... आपल्या मनकर्णाबाई... अं..."

नेमकी तेव्हाच लाईट गेली आणि भोंगा बंद पडला. पंतांना ते कळलंच नाही. पुसेगाव, लेक आणि गिरणी त्यांनी एकट्या मारुतीला ऐकवली.

बाहेर येऊन बघतात तर गिरणीपुढं माणसं जमलेली, कुणी टोपी काढून उभं. दाराला कुलूप बघून, दवाखान्यातून मयत आणत असतील, असं लोकांनी धरून चाललेलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून जिवनबाई आली होती, सोबत तिचा लेक देविदास. पंत खुलासा करायला तोंड उघडणार, तोच जिवनबाईनं ओट्यावर बसून टाहो फोडला.

जिवनबाईचं मराठी पंतांना चाळीस वर्षांपासून ठाऊक. रोजगार हमीच्या कामावर ते हजेरी घ्यायचे, तेव्हा ती आणि मनकर्णा जोडीनं खडी फोडायच्या. काही विचारलं की "ते... काय म्हणतेत..." करत जिवनबाई आभाळाकडं बघायची, आणि मनकर्णा तिचं वाक्य पुरं करायची. आज ती आपल्या गोरमाटी बोलीत रडत होती, आणि कुठंच अडत नव्हती. पंतांना अर्धंमुर्धं कळत होतं. उन्हातली खडी, एका फडक्यातली दोघींची भाकर, दगडांच्या ढिगाआड मनकर्णेला कळा लागल्या तो दिवस. तेव्हाची ती दोन तरणी तोंडं डोळ्यांपुढं आली आणि पंतांनीही आपली टोपी काढली. बाई जिवंत आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

तोवर देविदासनं पुसेगावला लेकीला फोन लावला. रडत रडत म्हणाला, "अक्का, माय गेली तुझी."

"काहून रडून राहिला रे? माय इथं जेवून राहिली."

देविदासनं पंतांकडं बघितलं, पंतांनी आपल्या चपलांकडं. पण जिवनबाईला मधेच थांबवायची छाती कुणाची होईना.

पाऊण तासात मनकर्णाबाई जीपनं परतल्या. लोक बाजूला झाले. जिवनबाईचे डोळे मिटलेले होते. मनकर्णाबाई बराच वेळ तिच्या मागं उभ्या राहून ऐकत राहिल्या, मग खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जिवने, ऊठ. आले मी."

जिवनबाईनं डोळे उघडले. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदरानं नाक पुसलं.

"बस हितं," ती म्हणाली. "थोडं राह्यलं आजून."

मनकर्णाबाई बसल्या, आणि थोड्या वेळानं स्वतःसाठी त्याही रडायला लागल्या.