मल्लिनाथअप्पांचा साउंड

आमच्या नळदुर्गात सगळ्यात मोठा साउंड ज्यांचा होता, ते मल्लिनाथअप्पा दोन्ही कानांत कापूस कोंबून हिंडायचे. लग्नसराईत वरून मफलर. मे महिन्यात हायवेचं डांबर चपलेला चिकटायला लागलं तरी मफलर सुटायचा नाही. नवखा माणूस विचारायचा, हे आजारी आहेत का? आम्ही सांगायचो, नाही, हे डीजेवाले आहेत.

मी त्यांचा शेजारी. मिक्सर, पंखे, अँप्लिफायर दुरुस्त करायचं माझं दुकान आणि अप्पांचं पत्र्याचं गोदाम, मधे एकच भिंत. त्यामुळं अप्पांबद्दल मी जे सांगतोय ते ऐकीव नाही, भिंतीपलीकडनं ऐकलेलं आहे. आणि अप्पा इतकं बारीक बोलायचे की भिंतीला कान लावूनच ऐकावं लागायचं.

'हळू बोला' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाला हळू बोला, भाजीवालीला हळू बोला. एकदा भुंकणाऱ्या कुत्र्यालाही त्यांनी हात जोडून हेच सांगितलं होतं. घरात त्यांची कन्नड, बाहेर मराठी. पण भ्याले की बाहेरही कन्नड निसटायची. "बेडा, बेडा," म्हणजे नको, नको. पाल दिसली, बेडा. ढग गडगडले, बेडा. मोबाइल ते टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचे, म्हणून लग्नाच्या ऑर्डरी माझ्या फोनवर यायच्या. एका नवरदेवाच्या बापानं तर मलाच अप्पा समजून आहेराचा टॉवेल दिला.

मग हा धंदा कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, बापाचा हाय, सोडून कुठं जाऊ. बापाच्या वेळी दोन भोंगे होते. पुढं गंगाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, ते वाढवत नेलं. काकूंचा आवाज दणदणीत. ऑर्डर घेणं, भांडणं, टेम्पो वेळेवर काढणं, सगळं त्या करायच्या. मूलबाळ नव्हतं. चार वर्षांखाली काकू गेल्या, ऑर्डरी माझ्या फोनवर यायला लागल्या आणि अप्पांच्या वतीनं मोठ्यानं बोलणारं कुणी उरलं नाही.

उरला होता राजू. तिशीतला, अप्पांचा ऑपरेटर. सोळा बॉक्स एकदम वाजत असताना रस्त्यावर उभा राहून तो सांगायचा, खालच्या ओळीतल्या तिसऱ्याची कॉइल जळायला आली. मी उघडून बघावं तर खरंच. वरातीत राजू मशीनवर असायचा आणि अप्पा दोन वावरं लांब, बांधावर. दुपारी मात्र दोघं एका डब्यात जेवायचे. राजूची बायको सविता डबा द्यायची, त्यात अप्पांसाठी बिनतिखटाची भाजी वेगळी.

मग बाळाभाऊ आला. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही, मीही घेत नाही. हायवेपलीकडच्या आमच्या वस्तीत हाताला काम कमी आणि पोरं जास्त. बाळाभाऊनं त्यांना गाड्या दिल्या, एकेकाच्या नावाची गाणी बनवून दिली. पोरांनी कोयते नाचवत त्या गाण्यांवर व्हिडिओ काढायचे आणि वस्तीनं ते मुकाट बघायचे. त्या टोळीत दर पंधरवड्याला कुणाचा तरी वाढदिवस निघायचा आणि वाढदिवसाला साउंड अप्पांचाच लागायचा. अप्पा मनात शंभर वेळा बेडा म्हणायचे, तोंडानं एकदाही नाही.

तिथंच राजूला पावडर मिळाली. पहिल्यांदा फुकट. ही घे, थकवा येत नाही, हात चालतो, असं सांगून. दोन-तीन महिन्यांत राजूचा हात मशीनच्या बटणावर थरथरायला लागला. एकदा ऐन वरातीत तो बॉक्सकडं तोंड करून नुसताच उभा राहिला. सविता माझ्या दुकानात येऊन सांगत होती की तीन दिवस झोपले न्हाईत, लेकीला ओळखल्यासारखं करत न्हाईत. मी पंख्याचा स्क्रू पिळत राहिलो. त्या गाड्यांचा आवाज आला की मीच शटर अर्धं खाली ओढत होतो.

शेवटी राजू स्वतःच अप्पांकडं आला. रडत म्हणाला, मला कोंडा. सोलापूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात सोमवारी जागा होणार होती. तोवरचे चार दिवस अप्पांनी त्याला गोदामातल्या मागच्या खोलीत ठेवलं. ते चार दिवस मी भिंतीपलीकडनं ऐकले. राजू ओकत होता, दार बडवत होता, अप्पांना घाण शिव्या देत होता. अप्पा दाराला पाठ लावून बसायचे आणि त्याच बारीक आवाजात म्हणायचे, पेज केलीय राजू, दोन घोट घे.

शनिवारी दुपारी चार गाड्या आल्या. बाळाभाऊ आणि सात जण. माल कोणत्या ढाब्यावर उतरतो ते राजूला माहीत होतं, आणि राजू सुधारायला निघाला हे त्यांच्या कानावर गेलं होतं. गोदामासमोर दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचा टेम्पो भरून उभा होता, सोळाच्या सोळा बॉक्स रस्त्याकडं तोंड करून, चाचणीसाठी वायर आत गोदामातल्या मशीनला आणि माइकला जोडलेली. बाळाभाऊ टेम्पोला टेकला आणि म्हणाला, राजूला बाहेर पाठवा, नुसतं बोलायचंय.

अप्पा दारात उभे होते. माझ्या दुकानातनं मला दिसत होते. "बेडा," ते म्हणाले.

पोरं हसली. एकानं पत्र्यावर लाथ घातली. मी सोल्डरिंगची कांडी हातात धरून मान खाली घातली होती. ती कांडी माझ्या पँटीला लागून कापड जळतंय, हे मांडीला चटका बसल्यावर कळलं.

अप्पा आत गेले. मला वाटलं, संपलं, आता राजूला घेऊन येतात. तेवढ्यात टेम्पोवर मोठी घरघर झाली. टेकलेला बाळाभाऊ दचकून बाजूला झाला. साउंड चालू झाला होता. आणि सोळा बॉक्समधनं, बसस्टँडपासून ढाब्यांपर्यंत, अप्पांची कुजबुज ऐकू आली.

"म्या मल्लिनाथ बोलतोय. माझ्या दारात बाळाभाऊ आलाय. राजूला न्यायला आलाय. राजू आजारी हाय, त्याला पावडर ह्यांनीच दिली." मग नुसता श्वास ऐकू आला, सोळा बॉक्समधनं. "म्या लई भ्यालोय. कुणीतरी या."

वस्तीतला प्रत्येक जण गेली दोन वर्षं मनात हेच म्हणत होता. मोठ्यानं पहिल्यांदा ऐकलं. लोक आले. ढाब्यावरचे आचारी पिठाच्या हातानं आले. बसस्टँडवरच्या फळवाल्या आल्या, दोन-तीन ट्रकवाले आले. सविता लेकीला काखेत घेऊन धावत आली. कुणी हात उचलला नाही, सगळे नुसते येऊन उभे राहिले. मी सगळ्यात शेवटी गेलो, हेही सांगून टाकतो. बाळाभाऊनं सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले. माझ्याकडंही बघितलं. मग गाडीवर बसला, अप्पांना "बघतो" म्हणाला आणि गेला.

सोमवारी राजूला सोलापूरला नेलं. गाडीत अप्पांनी सबंध वाटेत त्याचं मनगट सोडलं नाही. पोलिसांनी जबाब घेतले, टोळीतले दोघं आत गेले, बाळाभाऊ काही महिने दिसला नाही आणि मग जामिनावर परत आला. मधल्या काळात कुणीतरी अप्पांच्या सोळाही बॉक्समधले स्पीकरचे पडदे ब्लेडनं फाडून ठेवले. मी दुरुस्त करून देतो म्हणालो. अप्पांनी सगळं भंगारात दिलं.

राजू सुधारला. आता बेंबळीला सासऱ्याकडं असतो, दुधाचा टेम्पो चालवतो. इकडं येत नाही आणि येऊ नये हेच बरं. आठवड्यातनं एकदा त्याचा फोन येतो, माझ्याच फोनवर. अप्पा त्याला एकच विचारतात, जेवलास का.

गोदाम रिकामं झाल्यावर आठेक दिवसांनी अप्पा एक रेडिओ घेऊन माझ्याकडं आले. बिघडलाय म्हणाले. मी उघडला. आत सगळं ठीक होतं, तसं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "नीट बघ की, सुभाष," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले, ते मी दुकान बंद करेपर्यंत बसले. मधे रस्त्यावरनं दोन गाड्या इंजिन घुमवत गेल्या. अप्पा बोलता बोलता थांबले. मीही थांबलो. गाड्या लांब गेल्यावर दोघांनाही आठवेना, काय बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलफॅन आणला, मग बॅटरी, मग भिंतीवरचं घड्याळ. एकालाही काही झालेलं नव्हतं. घरात आता त्यांच्याबरोबर भ्यायलाही कुणी नाही, हे कळायला मला चार वस्तू उघडाव्या लागल्या.

आता मी वस्तू उघडत नाही. मागच्या फळीवर ठेवतो आणि म्हणतो, "अप्पा, ह्याचा पार्ट मिळंना. उद्या या."

"येतो," अप्पा म्हणतात. "घाई न्हाय."