चोवीस नग सॅल्मन, लसीकरण माहीत नाही

रोडपालीच्या आमच्या सोसायटीत, मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुशीचं एक पार्सल मुख्य दरवाजाशी आलं. त्यानंतर जे काही घडलं त्याबद्दल सभासदांत उलटसुलट बोललं जातं, म्हणून सचिव या नात्याने खरा वृत्तान्त मांडणं मला आवश्यक वाटतं. कोणावरही दोष ठेवण्याचा उद्देश नाही. दोष ठेवून झालेला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुशी हा जपानी पदार्थ आहे. भाताच्या छोट्या मुटक्यावर कच्च्या माशाची चकती ठेवतात आणि ती तशीच खातात. मागवली होती ती आमचे अध्यक्ष हरेश घरत यांनी. त्यांची मुलगी पूर्वी हिला बंगळुरात नोकरी लागली, आणि आता तिकडे जाऊन चारचौघांत हसू व्हायला नको म्हणून घरातल्या घरात सराव करायचं ठरलं. हरेशरावांचे वडील तुळशीरामआजोबा यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आनि रांधनार कोन?"

खोक्यावर हॉटेलने ठळक अक्षरांत छापलं होतं: थंड ठेवावे, दोन तासांच्या आत खावे. आमचा वॉचमन दयाराम याने ही सूचना मोठ्याने वाचली आणि रजिस्टरात जशीच्या तशी उतरवून घेतली. दयारामच्या अक्षराबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही.

अडचण रकान्याची झाली. आमच्या रजिस्टरात ‘शिजवलेले अन्न’, ‘किराणा व भाजीपाला’, ‘कुरिअर’ आणि ‘प्राणी व पक्षी’ असे चार रकाने आहेत. शेवटचा मागच्या वर्षी वाढवला, कारण सी विंगमधल्या एकांनी बुटांच्या खोक्यातून ससा आत नेला होता.

"शिजवलेलं आहे की कच्चं?" दयारामने पार्सलवाल्याला विचारलं.

"कच्चा है, भैया. कच्चाही खाते हैं."

कच्चं म्हटल्यावर ते पहिल्या रकान्यात बसेना. भाजी तर ते नव्हतंच. तेव्हा दयारामने चौथ्या रकान्यात नोंद केली: जात सॅल्मन, चोवीस नग, रंग गुलाबी, लसीकरण माहीत नाही. आणि लसीकरणाचा दाखला नसलेला प्राणी सचिवांच्या लेखी परवानगीशिवाय आत सोडता येत नाही, हे नियमावलीत स्पष्ट आहे. पार्सल दरवाजाजवळच्या पत्र्याच्या कपाटावर ठेवण्यात आलं. तिथे ऊन येतं, पण कॅमेऱ्यात ती जागा स्वच्छ दिसते.

हरेशराव नवव्या मजल्यावरून खाली आले. "अरे, जेवण आहे ते आमचं."

"साहेब, रजिस्टरला प्राणी आहे," दयाराम म्हणाला.

हा नियम हरेशरावांनीच मांडून, टाळ्या घेऊन मंजूर करवला होता. स्वतःच्याच प्राण्याला सूट देणं त्यांना शोभलं नसतं. ते मुकाट्याने वर गेले आणि सचिवांची वाट पाहू लागले. सचिव रविवारी एक ते साडेतीन या वेळेत उपलब्ध नसतात.

इथे दमयंतीबाईंचा उल्लेख करणं भाग आहे. मोरा बंदरावरच्या या कोळीणबाई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन येतात आणि दरवाजाशेजारच्या करंजाखाली बसतात. म्हणजे बसत. इमारतीचा पाया खणला जात होता तेव्हाही त्या तिथेच होत्या. सोसायटी त्यांच्यानंतर आली. त्यांचं घर त्या सहा फूट सावलीवर चालायचं, आणि खरं सांगायचं तर आमची निम्मी स्वयंपाकघरंही.

दोन वाजता त्यांनी मान वर करून विचारलं, "दयाराम, त्या खोक्यान काय हाय?"

"मासा आहे, मावशी. जपानी."

"आनि उन्हान ठेवलास? आन हिकडं. माज्या पाटीन बरफ हाय, वर वलं गोनपाट टाकतंय."

दयारामने नियमावली उघडून दाखवली. कलम चौदा: विक्रेत्यांनी सभासदांच्या पार्सलला हात लावू नये. शिवाय बर्फ कुठून आला, याचा दाखला नव्हता. दमयंतीबाईंनी बर्फाचा एक खडा उचलून तोंडात टाकला. हे कॅमेऱ्यात आलेलं आहे.

चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना मी परवानगीवर सही केली. पार्सल घेऊन हरेशराव आणि त्यांच्या मागोमाग तुळशीरामआजोबा निघाले तेव्हा दमयंतीबाई पाटावरून उठल्या.

"हरेशदादा, ह्ये नका खाव. वास मारतंय. पोरीला त देवच नका."

"मावशी, हे तुमच्या बोंबलासारखं नसतं. त्याचा वासच वेगळा असतो."

"मासा जपानचा असूदे नायतर मोऱ्याचा. खराब झाला का सारकाच वास मारतो."

वर गेल्यावर पूर्वीने पेटीचा फोटो काढला, हॉटेलला पाच तारे दिले आणि मग खायला सुरुवात झाली. संध्याकाळी सातला हरेशराव आणि पूर्वी दोघांनाही सलाइन लागलं होतं. पूर्वी तीन दिवस दवाखान्यात होती, नोकरीवर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलावी लागली. तुळशीरामआजोबांना आणि आजींना काही झालं नाही. आजोबांनी दोघांच्या वाट्याचे बाराही नग शर्टाच्या खिशात ठेवले होते.

त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली. प्रमुखपद माझ्याकडे आलं, कारण घटनेच्या वेळी मी झोपलेला असल्यामुळे माझा कशाशीच संबंध नव्हता. असा निष्पक्ष माणूस दुसरा मिळाला नाही.

हॉटेलच्या मॅनेजरने अकरा प्रमाणपत्रं आणली. त्यांत झुरळं मारल्याचं एक आणि आग विझवण्याच्या सिलिंडरचं एक होतं. समितीने सगळी पाहिली आणि समाधान व्यक्त केलं. दयारामचं रजिस्टर तपासलं, त्यात खाडाखोड नव्हती. परवानगीवरची सही माझीच असल्याची मी खात्री करून घेतली. सगळ्यांचे कागद बरोबर निघाले, आणि दोन माणसं तर आजारी पडलेली. याचा अर्थ ज्याच्याकडे कागद नाही असं कोणीतरी जवळपास होतं.

दमयंतीबाईंना बोलावलं. कच्च्या मासळीसह त्या पार्सलपासून तीन मीटरवर, सलग अडीच तास बसल्या होत्या.

"मासळी ताजी असल्याचा कागद दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी पाटीतला एक बांगडा उचलला, त्याचा गालाजवळचा कल्ला बोटाने उघडून माझ्या चष्म्यासमोर धरला. आत लालभडक होतं. "ह्यो बगा कागुद."

समितीने नोंद केली: कागद सादर केला नाही, मासा सादर केला.

"पार्सल खराब आहे हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"वास आला."

"सोसायटीत एकशे बारा घरं आहेत. दुसऱ्या कोणालाच कसा नाही आला?"

त्या म्हणाल्या, "सायेब, मी येक इचारू? तवा तुमाला कुनी उठवला का नाय?"

सचिवांना उठवण्याची तरतूद नियमावलीत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. बाहेर बाकावर बसलेले तुळशीरामआजोबा ओरडले, "आरं, तिनी नको सांगलं व्हतं. मी आयकलंय." परंतु फ्लॅट मुलाच्या नावावर असल्याने ते सभासद नाहीत, आणि त्यांचं म्हणणं नोंदवता आलं नाही. हरेशरावांनी तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं. अशक्तपणा होता.

समितीचा निष्कर्ष असा: जे कोणालाच कळलं नाही ते ज्या व्यक्तीला अगोदर कळलं, त्या व्यक्तीचा घटनेशी संबंध नाही असं म्हणता येत नाही. सबब, सुरक्षिततेच्या दृष्टीने कच्ची मासळी विकणाऱ्यांनी दरवाजापासून पाचशे मीटर लांब बसावं. ठराव सह्यांसाठी घरोघर फिरवला. एकाही घराने नाही म्हटलं नाही. बऱ्याच जणांनी दार अर्धंच उघडून, कुठे करायची, एवढं विचारलं आणि सही केली.

आठवड्याने, सोमवारी सकाळी दयारामने दमयंतीबाईंना ठराव वाचून दाखवला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग बसायचा पाट उचलला, बर्फाचं पाणी करंजाच्या मुळाशी ओतलं, आणि दोन बांगडे केळीच्या पानात बांधून दयारामकडे दिले. "पूर्वीच्या आजीला सांग, आजारी पोरीला पातल कालवन कर. तिखाट नको." पाटी डोक्यावर द्यायला कोणी खाली आलं नाही, तेव्हा त्यांनी ती एकटीनेच उचलली. मी गॅलरीतून पाहत होतो. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. हे मी वैयक्तिकरीत्या सांगतो आहे, इतिवृत्तात ते नाही.

आता मासळी ॲपवरून येते. द्रोणागिरीच्या कुठल्यातरी गोदामातून, कापून, धुऊन, पाकिटात बंद होऊन. डोकं नसल्यामुळे कल्ला बघायचा प्रश्न उरत नाही. पाकिटावर शिक्का असतो, आणि रजिस्टरात तिच्यासाठी पाचवा रकाना केलेला आहे. चव कशी लागते याबद्दल सभासद बोलत नाहीत.

एक शेवटची बाब. हा वृत्तान्त इथवर वाचणाऱ्या प्रत्येकाची ठरावाला संमती आहे, असं गृहीत धरण्यात येतं. आता हरकत घेऊ नये. बाई पाटी उचलत होत्या तेव्हा तुम्हीही वाचतच होता, आणि त्याआधी मी कल्ल्याला कागद मानला नाही, तेव्हा तुम्ही हसलात. सहीसाठी खाली मोकळी जागा सोडली आहे.