गुदगुल्यांची साक्ष

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दामूअण्णा पांचाळांनी माझ्या लाकडी पायाच्या तळव्यावरून कोंबडीचं पीस फिरवलं आणि विचारलं, "गुदगुल्या झाल्या?" मी म्हणालो, "झाल्या." झाल्या नव्हत्या. काही म्हणजे काही झालं नव्हतं. त्या एका शब्दाने पुढे जे केलं ते आता पन्नाशी ओलांडल्यावर लिहून टाकतो. पण त्याआधी दामूअण्णा कळले पाहिजेत.

दामूअण्णा मूळचे मिरजेकडचे सुतार. लढाईत फौजेच्या कामावर कलकत्त्याला, फोर्ट विल्यमला आले आणि जखमी जवानांचे पाय घडवायला शिकले. लढाई संपली, गोरे गेले, दामूअण्णा राहिले. भवानीपूरच्या एका गल्लीत तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. पुण्याहून बदली होऊन आल्याला मला वर्षही झालं नव्हतं, तोच एस्प्लनेडला चालती ट्राम पकडताना माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. चूक माझीच, ट्रामची नव्हे. कुबड्या टेकत मी दुकानात शिरलो, तर दामूअण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. उरलेल्या पायाकडे पाहून म्हणाले, "ह्याला भोवरी आहे. त्यालाही होती का?"

"कुणाला?"

"गेला त्याला हो!"

होती, करंगळीजवळ. दामूअण्णांनी नव्या पायालाही करंगळीजवळ भोवरी कोरली. माझ्या अंगठ्याचं नख जरा वाकडं, म्हणून तिथेही वाकडं नख.

"अहो, नवा पाय आहे. भोवरी तरी कशाला त्याला?"

"मग ओळखणार कशावरून?" दामूअण्णा म्हणाले.

त्यांच्या दुकानात 'लाकडी' शब्दाला बंदी होती. चुकून कुणी म्हणालाच, तर, "लाकडी काय लाकडी? डोकं काय सागवानी आहे? उजवा म्हणा, उजवा!" बूट घालून लपवायचा नाही, चप्पलच घालायची. नरकचतुर्दशीला दोन्ही पायांना तेल लागलं पाहिजे. विजयादशमीला घरोघरची मुलं मोठ्यांच्या पाया पडायला यायची, त्यांना दामूअण्णांचा सक्त हुकूम असे, "दोघांच्या पाया पडायचं. एकाला वगळलंत तर आशीर्वाद अर्धा." बंगाली पोरं निमूटपणे माझ्या चपलेतल्या लाकडाला हात लावून तो कपाळाला लावत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दामूअण्णा मात्र सोहळा बघितल्यासारखे उभे.

खरा प्रकार रविवारी चाले. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं. एक पीस लाकडी तळव्यावर, दुसरं लाकूड संपून अंग सुरू होतं तिथल्या कातडीवर, दोन्ही एकाच वेळी, एकाच चालीने. "खाली बघा. वर बघायचं नाही. पाय तिकडे आहे!" त्यांचं म्हणणं असं की डोळ्याला आणि कातडीला एकदमच सांगत राहिलं, की कधीतरी दोघांचं एकमत होतं आणि पाय आपला होतो. बंगाली गिऱ्हाइकांना ते मिरजेच्या हेलात विचारत, "शुडशुडी लागछे?" म्हणजे गुदगुल्या होतात का. कितीतरी जणांना खरंच लागायची. माणसं दचकून पाय मागे घेत आणि मग रडत.

मी दुसऱ्याच रविवारी "झाल्या" म्हणालो, कारण दामूअण्णांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी आईचा असतो तसा झाला होता. वाटलं, कुणाचं काय बिघडतंय?

तेव्हापासून मी साक्षीदार झालो. दर रविवारी मला उपम्याची बशी आणि नव्या गिऱ्हाइकासमोर खुर्ची. "ह्या भिडेंना विचारा! दुसऱ्या रविवारी!" आणि मी म्हणायचो, "हो, अगदी अंगठ्यापर्यंत."

हरिपदबाबू आले तेव्हाही तेच म्हणालो. शाळामास्तर, माझ्याच वयाचे, जखम चिघळून पाय गेलेला. शाळेने बजावलं होतं की पूजेच्या सुट्टीनंतर वर्गात उभे राहा, नाहीतर दुसरा मास्तर बघतो. पाच रविवार पीस फिरलं. हरिपदबाबू घामाघूम होऊन तळव्याकडे बघत राहायचे. पाचव्या रविवारी ते माझ्याबरोबर ट्रामच्या थांब्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "भिडेबाबू, सच बोलिए. आपको होता है?"

दुकान मागे राहिलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "होता है."

"तब दोष मेरा ही है," ते म्हणाले.

ते पुन्हा आले नाहीत. दामूअण्णा तीनदा बेहालाला त्यांच्या घरी जाऊन आले. पाय खुंटीला टांगलेला होता. सुट्टी संपली, शाळेने दुसरा मास्तर नेमला.

पुढच्या रविवारी मी उपम्याला हात न लावता सगळं सांगून टाकलं. दामूअण्णा एका घोट्याला पॉलिशपेपर घाशीत होते. घाशीतच राहिले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तुमची डावी चप्पल टाचेला झिजून पापुद्रा झालीय, उजवी कोरी. ज्याचा पाय आपला होतो तो त्याच्यावर भार टाकतो हो."

"मग माझी साक्ष कशाला काढत होतात?"

त्यांनी घोट्यावरची भुकटी फुंकली. "पाय बसला की गिऱ्हाईक परत येत नाही, भिडे. येऊही नये. तुमचा बसला नव्हता, पण बसला म्हणालात. मग साक्षीला बोलवायला निमित्त झालं. मराठीत चार शब्द बोलायला मला इथे दुसरं कोण आहे?" मग पीस उचलून म्हणाले, "हरिपदबाबूंच्या बाबतीत मीही तेवढाच खोटा. बसा. खाली बघा."

पीस फिरलं. "झाल्या?"

"नाही."

"बरं. पुढच्या रविवारी."

असे आठ महिने मी "नाही" म्हणत गेलो. एकदा ऑफिसला जाताना भर ट्राममध्ये एका गृहस्थाने माझ्या उजव्या पायावर पाय दिला आणि मी ओरडलो, "अहो, पाय!" पाय मागे घेतला, मगच कळलं काय झालं ते. उतरून तसाच भवानीपूरला गेलो. दामूअण्णा आनंदाने हसले, पाठ थोपटली आणि म्हणाले, "आता येऊ नका हं उगीच." मी पुढची चार वर्षं जात राहिलो, ते मिरजेला परत जाईपर्यंत.

हरिपदबाबू अजून बेहालालाच राहतात, कुबड्यांवर, मुलांच्या शिकवण्या घेत. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. त्यांना मी एवढं सांगण्याचं देणं लागतो: तुम्ही विचारलंत तेव्हा मला काहीही जाणवत नव्हतं, पुढे जाणवलं, पण आठ महिन्यांनी. दोष तुमचा नव्हता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.